हेलिओस ४४-२ चा भोवरा: आधी मागची पानं, मग माणूस

हेलिओस ४४-२ हे जुनं सोव्हिएत भिंग घेतलं, अडॅप्टर लावला, घरातल्या कुणालातरी अंगणात उभं केलं आणि फोटो काढला. मागचं सगळं धूसर झालं, पण पानांनी माणसाभोवती फेर धरल्यासारखा जो भोवरा दिसायला हवा होता, तो काही आला नाही. असे फोटो मला वरचेवर पाठवले जातात आणि सोबत एकच प्रश्न असतो, भिंग खराब निघालं का? बहुतेक वेळा भिंग उत्तम असतं, चुकलेला असतो तो कामाचा क्रम. आपण आधी माणूस उभा करतो, मग कॅमेरा रोखतो आणि मागे काय आहे ते सगळ्यात शेवटी बघतो. या भिंगाला नेमकं उलट लागतं: आधी मागची जागा, मग अंतर, आणि माणूस सगळ्यात शेवटी.

भोवरा म्हणजे काय, तेवढं आधी डोळ्यांसमोर आणा. पानांच्या फटींतून येणारा उजेड फोकसबाहेर गेला की त्याचा ठिपका होतो. चौकटीच्या मध्यभागी हा ठिपका गोल असतो. कडेकडे तिरपा येणारा उजेड भिंगाच्या पुढच्या आणि मागच्या काठाला अडतो, त्यामुळे तिथला ठिपका दोन्ही बाजूंनी कापल्यासारखा, बदामाच्या आकाराचा होतो. हे सगळे बदाम मध्याभोवती आडवे लागतात. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरतात, तशी त्यांची मांडणी दिसते. त्यात या भिंगाच्या कडांचे दोष पुरते सुधारलेले नाहीत, म्हणून फेर आणखी गडद होतो.

यातून तीन गरजा निघतात: भिंग पूर्ण उघडं हवं, चौकटीच्या कडा वापरात हव्यात, आणि मागे सुटे सुटे ठिपके हवेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तिघांसाठीच आहेत.

१. भिंग ओळखा आणि तपासा

हेलिओस ४४ नावाची बरीच भावंडं आहेत. सगळ्यांची मापं ५८ मि.मी. (फोकल लेंथ, म्हणजे भिंग दृश्य किती जवळ आणतं) आणि एफ/२ (ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) अशीच असली, तरी वापरायची रीत वेगळी आहे. ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात, आत हे भोक लहानमोठं करणारी आठ पाती असतात आणि पुढे ४९ मि.मी. चा फिल्टर बसतो. ४४एम ला कडेला ऑटो आणि मॅन्युअल असा खटका असतो आणि फिल्टर ५२ मि.मी. चा लागतो. ४४एम-४ आणि त्यापुढच्यांना हा खटका नसतो, पाती सहा असतात. भोवरा सगळ्यांतून मिळतो. हा लेख ४४-२ धरून लिहिला आहे, कारण बहुतेकांकडे तेच असतं आणि घोटाळेही त्याच्याच रिंगांचे होतात.

हातात आल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा धरा आणि पुढून आत पाहा. धुळीचे चार कण असतील तर दुर्लक्ष करा, फोटोत त्यांचा काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. काचेवर सगळीकडे पातळ दुधी थर दिसला, तर उन्हाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिका पडेल. आणि हे भिंग आपण वापरणार आहोत ते उन्हाकडे तोंड करूनच.

पात्यांवर तेलाचा ओशटपणा या भिंगात नेहमी आढळतो. पाती हातानंच उघडबंद होत असल्यामुळे कामात त्याची अडचण येत नाही, म्हणून तेवढ्यासाठी भिंग नाकारू नका. फोकसची रिंग मात्र सबंध फिरवून पाहा. जुनं ग्रीस सुकलं असेल तर ती अडखळते, आणि अडखळणाऱ्या रिंगेवर डोळ्यांच्या पापणीवर फोकस बसवणं अशक्य होऊन बसतं.

तपासा: ॲपर्चर २ वर ठेवून भिंग उजेडाकडे धरा. मधलं भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. पात्यांची टोकं आत डोकावत असतील तर भिंग पूर्ण उघडत नाही आणि भोवरा तेवढा कमी होईल.

२. अडॅप्टर

भिंगाच्या मागे ४२ मि.मी. व्यासाचे आटे असतात, याला एम४२ म्हणतात. या पद्धतीत भिंगाची बैठक फिल्मपासून ४५.४६ मि.मी. वर असते. तुमच्या कॅमेऱ्याचं हेच अंतर त्याहून कमी असेल, तर उरलेली जागा अडॅप्टर भरून काढतो. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २० मि.मी. च्या आसपास आहे, म्हणून तिथे काहीच अडचण येत नाही. कॅनन ईएफ मध्ये ४४ मि.मी. आहे, तिथेही पातळ अडॅप्टर बसतो.

अडचण जुन्या निकॉन डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांची आहे. तिथे अंतर ४६.५ मि.मी., म्हणजे भिंगाला हवं त्यापेक्षा जास्त. साधा अडॅप्टर लावला तर त्याच्या जाडीनुसार दीड ते तीन मीटरच्या पुढे फोकस जातच नाही. काच बसवलेला अडॅप्टर हे सुधारतो, पण ती जादा काच चित्र मऊ करते. माझं मत विचाराल तर निकॉन डीएसएलआर वाल्यांनी काचेविनाचाच अडॅप्टर घ्यावा आणि जवळची चित्रंच काढावीत, भोवऱ्यासाठी तेवढं पुरतं.

अडॅप्टर आधी भिंगाला लावा, मग भिंग कॅमेऱ्याला. कॅमेऱ्यावर बसलेल्या अडॅप्टरमध्ये भिंग पिळत बसलात तर कधीतरी आटे तिरके चढतात. सुरुवातीला भिंग अर्धा फेरा उलट फिरवा, आटे जुळल्याचा हलका टक् जाणवतो, मग सुलट फिरवा. बसल्यावर आकड्यांची बाजू वर न येता कडेला येत असेल, तर अडॅप्टरच्या कडेला तीन बारीक स्क्रू आहेत का बघा. बऱ्याच अडॅप्टरांना ते असतात. ते सैल करून आतलं कडं फिरवता येतं.

४४एम-४ वगैरे वापरणाऱ्यांनी आतून कडा असलेला अडॅप्टर घ्यावा, म्हणजे मागची पिन दाबलेली राहते आणि ॲपर्चर हाताच्या सांगण्याप्रमाणे चालतं. कडा नसेल तर भिंग कायम एफ/२ वर उघडं राहील. भोवऱ्याला ते चालतं, बाकी कामाला नाही.

तपासा: लांबच्या टेकडीवर किंवा पाण्याच्या टाकीवर फोकस लावून पाहा. बरेच अडॅप्टर किंचित आखूड असतात, त्यामुळे अनंताच्या खुणेआधीच टेकडी स्पष्ट होते. हे ठीक आहे. पण त्यामुळे भिंगावरच्या मीटरच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका.

३. कॅमेऱ्यातल्या तीन गोष्टी

भिंगाकडून कॅमेऱ्याला कुठलीच खबर मिळत नाही. त्यामुळे भिंग लावलेलंच नाही असं समजून तो शटर सोडत नाही. मेन्यूत भिंगाशिवाय शटर सोडण्याची परवानगी देणारा पर्याय असतो, तो चालू करा. इतके लोक इथेच अडतात की अडॅप्टर परत करायला निघतात.

दुसरं, कॅमेऱ्याच्या आत सेन्सर स्थिर ठेवण्याची सोय असेल तर तिला फोकल लेंथ हातानं सांगावी लागते. ५८ लिहा, नसेल तर जवळचा आकडा. आधीच्या भिंगाचे २०० तिथे राहून गेले असतील तर कॅमेरा हात हलल्यापेक्षा जास्त सेन्सर हलवेल आणि प्रत्येक फोटो हलल्यासारखा येईल.

तिसरं, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं करून दाखवणारी सोय अंगठ्याजवळच्या एखाद्या बटनावर आणून ठेवा. फोटो काढताना ती मेन्यूत शोधायला वेळ नसतो.

फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं न बदललेली कच्ची फाइल) आणि मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटरचा वेळ कॅमेरा). स्क्रीनवर ॲपर्चरच्या जागी शून्य किंवा दोन आडव्या रेघा दिसतील, त्यानं बिचकू नका. मीटर नीट चालतो, कारण आत येतो तोच उजेड तो मोजतो.

४. दोन रिंगांचा घोळ

४४-२ च्या पुढच्या भागात दोन रिंगा शेजारी शेजारी आहेत. आकडे असलेली, टकटक अडणारी रिंग फक्त हद्द ठरवते. दुसरी, न अडता फिरणारी रिंग पाती खरोखर उघडबंद करते, पण पूर्ण उघडं ते ठरवलेली हद्द एवढ्यातच फिरते. हद्द ८ वर ठेवली आणि दुसरी रिंग नकळत फिरली, तर तुम्ही एफ/२ समजून एफ/५.६ वर फोटो काढत राहता. पहिले दोन महिने माझं हेच होत होतं आणि भिंगात दम नाही असं मी ठरवूनही टाकलं होतं.

उपाय सोपा आहे. भोवऱ्याच्या कामासाठी हद्दीची रिंग थेट २ वर ठेवा. मग दुसरी रिंग हलायला जागाच उरत नाही, फोकस करताना बोट लागलं तरी बिघडत नाही.

सावध: चेहरा जरा अधिक धारदार हवा म्हणून एफ/२.८ वर जायचा मोह होतो. तिथे कडेचे बदाम भरत जाऊन पुन्हा गोलाकडे झुकतात आणि फेर मोडू लागतो. एफ/४ वर तो जवळजवळ संपतो. धार हवी असेल तर फोकस सुधारा, ॲपर्चर बंद करू नका.

५. मागची भिंत शोधा

खरा वेळ इथे द्यायचा. अर्धा तास फिरावं लागलं तरी फिरा. अजून माणूस बोलावू नका.

ठिपके लागतात म्हणजे उजेडाच्या बारीक बारीक फटी लागतात. म्हणून पान जितकं लहान तितकं बरं. माझ्या अनुभवात चिंचेला तोड नाही: इवलीशी पानं, मध्ये असंख्य फटी, आणि ऊन मागून आलं की सबंध झाड चाळणीसारखं दिसतं. शेवगा, गुलमोहर आणि बाभूळही तितकेच चांगले. वडाखाली सहसा फार काळोख असतो. आंब्याची पानं दाट, फटी कमी, पण पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांवरची चमक कामाला येते. नारळाच्या झावळ्या टाळा, त्यांच्या लांब रेघा धूसर होताना दुहेरी होतात आणि डोळ्यांना बोचतात. पानगळीतल्या उघड्या काटक्यांचंही तेच. केळीचं पान म्हणजे सपाट हिरवा रंग, त्यात फिरायला काहीच नाही. मोकळ्या भिंती, आकाश, समुद्र, गवताचं लांबवर पसरलेलं माळरान हे सगळंही याच कारणानं बाद.

झाड निवडलं की ऊन बघा. सूर्य झाडाच्या मागे, पानांआड हवा. सकाळी उगवल्यानंतरचा दीड तास आणि मावळण्याआधीचा दीड तास यासाठी उत्तम, कारण तेव्हाच ऊन पुरेसं आडवं येतं. दुपारी उजेड वरून पडतो, फटी उजळत नाहीत आणि ठिपके मिळत नाहीत. ढगाळ दिवशीही भोवरा येतो, पण मंद. तेव्हा पानांच्या फटींतून पांढरं आभाळ दिसेल असं खाली बसून वर पाहा.

आता भिंतीचा आकार. फेर कडांना असतो, त्यामुळे पानं चौकटीच्या चारही कडांपर्यंत पोचली पाहिजेत. फुल फ्रेम (३६ × २४ मि.मी. चा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर सहा मीटर लांबच्या झाडाचा साधारण ३.७ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच भाग चौकटीत येतो. उभा कॅमेरा धरला तर आकडे उलटे. म्हणजे एकुलतं एक कुंडीतलं झुडूप पुरणार नाही. खालच्या कडेला बहुतेक वेळा मोकळी जमीन येते आणि फेर तिथे तुटतो. कॅमेरा कमरेइतका खाली आणा, जमीन बाहेर जाते आणि वरच्या फांद्या आत येतात. दोन्ही बाजूंनी झाडी आणि वर फांद्या मिटलेली पायवाट मिळाली तर यापेक्षा चांगली जागा नाही. देवराईच्या तोंडाशी अशा वाटा असतात.

तपासा: ही तपासणी सगळ्यात मोलाची आहे आणि सगळ्यात जास्त लोक तीच गाळतात. समोर कुणी नसताना फोकसची रिंग दीड मीटरवर आणा आणि व्ह्यूफाइंडरमधून झाडाकडे पाहा. पानं धूसर होतील. त्या धूसरात फेर दिसतोय का? कॅमेरा हळूहळू डावीउजवीकडे फिरवा, एखाद्या जागी चारही कोपरे एकदम फिरू लागतात. तीच तुमची चौकट. फेर दिसलाच नाही तर झाड बदला. माणूस आल्यानंतर तो आपोआप उगवणार नाही.

६. अंतराचा हिशोब

दोन अंतरं आहेत: तुमच्यापासून माणूस आणि तुमच्यापासून पानं. दोघांचं प्रमाण जमलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

फुल फ्रेमवर माणूस दीड मीटरवर आणि पानं सहा मीटरवर असतील तर सेन्सरवर पडणारा ठिपका साधारण ०.९ मि.मी. चा होतो. आडव्या चौकटीत असे सुमारे ४० ठिपके एका ओळीत मावतात. इतके सुटे ठिपके असले की डोळ्यांना त्यांची रांग, त्यांचा फेर कळतो.

आता माणसाच्या किंवा फुलाच्या अगदी जवळ, अर्ध्या मीटरवर जा. हे भिंगाचं सर्वांत जवळचं अंतर आहे. तिथे ठिपका साडेतीन मि.मी. चा होतो, ओळीत दहाच मावतात, एकमेकांवर चढतात आणि सगळ्याचा लोण्यासारखा गोळा होतो. सुंदर असतो, पण फेर नसतो. जवळ गेलं की धूसर वाढतं म्हणून भोवराही वाढेल, असं वाटणं साहजिक आहे. होतं उलट.

पानं फार लांब असली तरी घात होतो. माणूस दीड मीटरवरच ठेवून झाड २० मीटरवर नेलं तर ठिपका ०.९ वरून १.१ मि.मी. होतो, फारसा वाढत नाही. पण तेवढ्या लांबून पानं आणि फटी मात्र तिपटीहून लहान दिसतात. लहान, दाट फटी आणि ठिपका तेवढाच, म्हणून पुन्हा सगळं मिसळून जातं. दरीच्या काठावर उभं राहून काढलेल्या फोटोत भोवरा का येत नाही, त्याचं हे कारण.

मी वापरतो ते आकडे असे. चेहरा आणि खांदे हवे असतील तर माणूस १ ते १.२ मीटरवर, पानं चार-पाच मीटरवर. कमरेपासून वरचं चित्र उभ्या चौकटीत हवं असेल तर माणूस १.५ मीटरवर, पानं पाच ते सात मीटरवर. दोन मीटरवर माणूस उभा केला तर पानं सहा ते आठ मीटरवर. सबंध उंचीचा माणूस घ्यायला चार मीटरच्या आसपास मागे जावं लागतं आणि तिथे मागचं पुरेसं विरघळतच नाही. नव्यानं शिकणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेरावाल्यांचं दुखणं वेगळं. तो सेन्सर चित्राच्या कडा कापून टाकतो आणि फेर तर कडांतच असतो. शिवाय भिंग ८७ मि.मी. सारखं वागतं, म्हणून तितकीच चौकट मिळवायला मागे सरकावं लागतं. भोवरा येतो, पण सौम्य. फोकल रिड्यूसर नावाचा काचवाला अडॅप्टर कापलेल्या कडांचा बराच भाग परत मिळवून देतो. तो नसेल तर सगळी भिस्त पाचव्या पायरीवर: मागचे ठिपके जास्तीत जास्त ठळक निवडा.

७. आता माणूस

ठरलेल्या जागी जमिनीवर दगड किंवा पान ठेवा आणि माणसाला तिथे उभं करा. माणसाप्रमाणे जागा हलवू नका, जागेप्रमाणे माणूस हलवा.

चेहरा चौकटीच्या मधल्या भागात ठेवा. एरवी आपण माणसाला एका बाजूला घेतो, इथे तसं केलं की दुहेरी नुकसान होतं. चेहरा कडेच्या मऊ भागात जातो, आणि फेर रिकाम्या मध्याभोवती फिरत राहतो. थोडं वर किंवा किंचित बाजूला चालतं, पण मधला एक तृतीयांश भाग सोडू नका.

कपडे साधे, एकरंगी. बारीक नक्षीचा शर्ट मागच्या ठिपक्यांशी भांडतो. नऊवारीचे ठळक काठ मात्र छान उठून दिसतात.

८. उजेड

ऊन मागून असल्यामुळे चेहरा काळवंडतो. कॅमेरा झगमगत्या पानांना भुलून सगळंच गडद करतो. एक्स्पोजर +०.७ ते +१ पर्यंत वाढवा. त्याहून जास्त वाढवलं तर ठिपके जळून पांढरे होतात, त्यांच्या कडा पुसल्या जातात आणि बदामाचा आकारच हरवतो. त्यापेक्षा समोरून पांढरी चादर किंवा मोठा पांढरा पुठ्ठा धरायला कुणालातरी सांगा. एक पांढरा पुठ्ठा चेहऱ्यासाठी जे करतो ते नंतर संगणकावर जमत नाही.

चेहऱ्यावर थेट ऊन पडत असेल तर वेगळीच अडचण येते. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ वर १/१०० चा शटर लागतो. एफ/२ म्हणजे त्याहून सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त उजेड, म्हणजे १/६४००. बऱ्याच कॅमेऱ्यांचा यांत्रिक शटर १/४००० ला थांबतो आणि फोटो जळतो. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक शटर चालू करा, किंवा ४९ मि.मी. चा एनडी८ फिल्टर लावा, त्यानं उजेड तीन स्टॉप कमी होतो. सावलीत मात्र शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका.

भिंगावरचा थर जुना आहे, सूर्य थोडा जरी थेट आत आला तरी सगळ्या चित्रावर पांढुरकी धूळ बसल्यासारखं होतं. हूड लावा. नसेल तर डावा हात भिंगाच्या वर छपरासारखा धरा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये रंग एकदम भरून येतात का बघा.

सावध: एनडी, यूव्ही असे फिल्टर एकावर एक चढवू नका. कोपरे काळे होतात आणि नेमके तेच आपल्याला हवे आहेत.

९. फोकस

दीड मीटरवर एफ/२ ला पुढून मागून मिळून साधारण आठ सें.मी. भाग स्पष्ट असतो. एक मीटरवर तो साडेतीन सें.मी. वर येतो, म्हणजे नाकाचं टोक स्पष्ट आणि डोळे मऊ असं सहज होतं. अर्ध्या मीटरवर जेमतेम आठ मि.मी. उरतात.

फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय, तिच्या रंगीत कडांवर विसंबू नका. सबंध चेहऱ्यावर रंग चढलेला दिसतो, पण खरा फोकस त्यातल्या एका पातळ पट्टीतच असतो. पीकिंग वापरा ते जवळपास पोचण्यापुरतं. मग चित्र मोठं करा, तुमच्याकडच्या जवळच्या डोळ्याच्या पापण्यांवर या, रिंग थोडी पुढे नेऊन परत आणा आणि पापण्या सगळ्यात तीक्ष्ण दिसतील तिथे थांबा.

फोकस झाल्यावर कॅमेरा फिरवून चौकट बदलू नका. इतक्या उथळ फोकसला तेवढं वळणंही पुरतं, डोळा निसटतो. चौकट आधी पक्की करा आणि मोठं केलेलं चित्र त्या चौकटीत डोळ्याच्या जागी सरकवा.

उभा माणूस श्वासागणिक पुढेमागे डुलत असतो, फोटो काढणाराही डुलतो. माणसाला झाडाला टेकवा किंवा बसवा. स्वतः कोपरं छातीशी घट्ट धरा. फोकस लागल्यावर एकच फोटो न काढता चार-पाच सलग काढा. त्यांतला एक बरोबर पापणीवर असतो.

१०. तिथल्या तिथे तपासणी

पहिल्या पाच फोटोंनंतर थांबा आणि स्क्रीनवर सावकाश पाहा. आधी डोळे मोठे करून, मग चारही कोपरे. डोळे मऊ असतील तर फोकस चुकला. कोपऱ्यांत गोल ठिपके असतील तर ॲपर्चरची रिंग हललेली आहे. बदाम आहेत पण फेर जाणवत नाही, तर पानं खूप लांब आहेत किंवा तुम्ही माणसाच्या फार जवळ आहात. एकाच बाजूला फेर आहे, तर दुसऱ्या बाजूला पानं पोचलेली नाहीत. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा पाहा. दोन एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही.

घरी आल्यावर क्रॉप करायला हात धजावू देऊ नका. कडा कापल्या की फेर गेला. हवी ती चौकट जागेवरच मिळवायची. कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, जुन्या भिंगाला ते लागतंच. चेहऱ्याची धार वाढवायची तर फक्त चेहऱ्याची, सबंध चित्राची वाढवलीत तर ठिपक्यांच्या कडा काचेच्या तुकड्यांसारख्या टोचू लागतात.

घरात बसून सराव

पावसाळ्यात किंवा झाड जवळ नसेल तर गणपतीतल्या, दिवाळीतल्या बारीक दिव्यांच्या माळा काढा. चार मीटर लांबच्या भिंतीवर अडीच मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच जागेत त्या नागमोडी सोडा. दीड मीटरवर खुर्चीत उशी ठेवून तिच्यावर एखादं खेळणं बसवा. खोलीतला दिवा मंद करा. कोपऱ्यातले बदाम इतके स्वच्छ दिसतात की भिंगाबद्दलची शंकाच मिटते. याच मांडणीत एफ/२, एफ/२.८ आणि एफ/४ असे तीन फोटो काढून शेजारी ठेवा, आणि मग खेळणं पाऊण मीटरवर आणून चौथा काढा.

भिंग ठेवायचं कसं

मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर हा या भिंगांचा खरा शत्रू. जुन्या चामड्याच्या डब्यात ठेवलं तर चामडं ओल धरतं आणि बुरशी काचेवर येते. तो डबा वेगळा ठेवा. भिंग हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. डब्यात तांदूळ टाकायचा सल्ला दिला जातो, तो ऐकू नका, त्याची भुकटी रिंगांच्या फटीत शिरते.

आणि दर पंधरा दिवसांनी भिंग बाहेर काढून दोन्ही रिंगा पूर्ण फिरवा, सकाळच्या कोवळ्या उजेडात दहा-वीस फोटो काढा. पावसानंतर चिंचेची पानं धुऊन निघालेली असतात, तेव्हा तर नक्कीच.